शीग लावलेलं माप

मिलोची भाकरी मी कधी खाल्ली नाही, तरी ती कशी लागते ते मला पाठ आहे. रंगानं लाल, जाडीभरडी, घासागणिक पाण्याचा घोट मागणारी. पिठाला विरी म्हणून नाही, त्यामुळं उकळत्या आधणात मळायचं, थापताना कडेला बोटं लावून धरायचं आणि तव्यावर टाकताना देवाचं नाव घ्यायचं. एवढं करूनही तिचे तुकडे पडायचेच. ज्याच्या वाट्याला सबंध भाकरी यायची तो त्या दिवशीचा नशीबवान. ही अमेरिकेची ज्वारी तिकडं जनावरांना घालतात, ही बातमी गावात धान्याच्याही आधी पोचली होती. आजीचं त्यावर म्हणणं एवढंच, "तिकडच्या जनावरांची चैन हाय म्हणायची."

१९७२ चा दुष्काळ आमच्या घरात असा हसत-हसत सांगितला जातो. सांगणारी आजी आता नाही. मुंबईच्या गिरणीत काम केलेले थोरले चुलते, आमचे तात्या, तेही गेले. आत्या आहे. तेव्हा ती लग्नाला आलेली पोर होती, आता नातवंडांची लग्नं बघते. तिघांच्या तोंडून मी त्याच गोष्टी वेगवेगळ्या तऱ्हेनं ऐकल्या, आणि मोठेपणी एक गोष्ट ध्यानात आली. त्यांत भूक फार थोडी येते. अमक्यानं किती दिवस उपास काढले, तमक्याचं मूल कसं दगावलं, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. कुणी काय दिलं, कसं दिलं आणि घेणाऱ्यानं ते कसं घेतलं, हे मात्र काल घडल्यासारखं सांगतात. किती पायल्या, कुठल्या वारी, दिवेलागणीच्या आधी की नंतर, सगळं.

आमचं गाव माण तालुक्यात, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर, जिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. सह्याद्री ओलांडून ढग आमच्याकडं येतात ते रिकामे होऊन. पाचशे मिलिमीटर पडला तरी आम्ही वर्ष बरं म्हणतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' याच माणदेशातली. तिच्या शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी ओस होते. आमच्याकडच्या वाचकाला त्या शेवटाचं नवल वाटत नाही. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव इंग्रजांच्या अमदानीत दुष्काळी कामातून झाला. आजीच्या सासूला १९१८ चं साल आठवत होतं. पाऊस गेला तो गेलाच, वर मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली, आणि तिरडी उचलायला चार खांदेकरी जमेनात. म्हणजे दुष्काळ घरातल्या बायकांना सासूकडून सुनेकडं आलेला होता, आणि त्याला तोंड द्यायच्या काही रीतीही तशाच आल्या होत्या.

बहात्तर एकाएकी आलं नाही. आधीची दोन वर्षंही पावसानं ओढ दिलेलीच होती. माणदेशाची भिस्त रब्बीवर, म्हणजे उत्तरा आणि हस्ताच्या पावसावर. मृग कोरडा गेला तेव्हा लोक म्हणाले, अजून हस्त आहे. हस्तही कोरडा गेला तेव्हा कुणी काही बोललं नाही. विहिरींचे तळ दिसायला लागले. आडात पोहरा सोडला की दगडावर आपटल्याचा आवाज वर यायचा. दावणीची खिलार जोडी आजोबांनी बाजारात नेली आणि गिऱ्हाईक नाही म्हणून परत आणली. पुढं कुणी तरी वैरणीच्या बोलीवर फुकट नेली. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत, हे आजीनं एकदाच सांगितलं.

आमच्या अंगणात पेव होतं. जमिनीत खोल खणलेलं, आतून शेणानं लिंपून कडब्याचं अस्तर दिलेलं, तोंडावर फरशी आणि तिच्यावर मातीचा लिंपा. पेव उघडणं जोखमीचं. आत साठलेल्या वायूनं माणूस गुदमरून मरतो, म्हणून फरशी काढून बराच वेळ तसंच ठेवायचं, मग दोरीला बांधून दिवा आत सोडायचा. दिवा तेवत राहिला तरच माणूस उतरायचा. त्या पेवात दुष्काळाआधीच्या एका बऱ्या वर्षाची ज्वारी होती. त्या वर्षी भाव चांगला होता आणि आजोबांना ती विकायची होती. आजीनं विकू दिली नाही. दोघांचं त्यावरून वाजलं, आठवडाभर अबोला झाला, आणि पेव भरलं गेलं. तीन वर्षांनी उघडलं तेव्हा दाणा पिवळा पडला होता, त्याला कुबट वास लागला होता, पण तो दाणा होता.

मग आजीनं जे केलं ते आत्याच्या तोंडून ऐकावं. ती ज्वारी वाटली नाही, उसनी दिली. घरी मापटं होतं, शेर होता, पायली होती. देताना आजी माप शिगोशीग भरायची, वर दाण्यांचा डोंगर उभा राहील असं. परत घेताना मात्र मापाच्या कडेवरून हात फिरवून सपाट करायची, शीग खाली पाडायची आणि पडलेले दाणे आणणाऱ्याच्याच फडक्यात लोटायची. सावकाराची रीत बरोबर उलटी: देताना सपाट, घेताना शीग. आत्यानं एकदा विचारलं, "आये, तू उलटं का करतीस?" आजी म्हणाली, "मधला फरक कुणाच्या तरी पोटात जातुया न्हवं? मग वहीत कशाला पायजे?"

वहीत तर काहीच नव्हतं. आजी वारकरी. पोथीतल्या गोष्टी ती घरातल्याच माणसांच्या म्हणून सांगायची. सतराव्या शतकातल्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नान्न करून गेली, आणि पुढं त्यांनी आपल्या वाट्याचे सावकारीचे रोखे इंद्रायणीत सोडून दिले, ही गोष्ट तिच्या आवडीची. "तुकोबानं कागदं बुडवली," ती म्हणायची, "म्या लिव्हलीच न्हाईत." दामाजीपंतांचं मंगळवेढं आमच्यापासून फार लांब नाही. बिदरच्या बादशहाची कोठारं दामाजींनी भुकेल्यांना उघडली आणि विठ्ठल महाराच्या वेशात जाऊन त्यांचा वसूल भरून आला, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. आजीचा त्यावरचा हिशेब रोखठोक होता: "दामाजीच्या मागं इठोबा हुता. माज्या मागं कोण न्हाय. म्हणून आपलं उसनं."

पण उसन्याचं खरं कारण वेगळं होतं, असं मला वाटतं. फुकट घ्यायला आलेल्या बाईला मान खाली घालून यावं लागलं असतं, आणि एकदा मान खाली घातलेली बाई दुसऱ्यांदा आली नसती. पोरं उपाशी ठेवली असती पण आली नसती. उसनं मागायला येणं ही रोजच्या शेजारधर्मातली गोष्ट. पीठ, मीठ, विस्तव, काय नव्हतं उसनं जात! त्यामुळं "पुढल्या सुगीला फेडते" असं ती सरळ नजरेनं म्हणू शके, आणि "फेड की, पळून कुठं चाललीस," असं आजी म्हणे. एका घरानं ती ज्वारी कितीतरी वर्षांनी परत आणून दिली. आजी विसरूनही गेली होती. तरी तिनं ती घेतली. सपाट मापानं मोजून घेतली. नको म्हणाली असती तर त्या घराचा अपमान झाला असता.

तात्यांची बाजू मुंबईची. सातारा जिल्ह्यातली तरणी माणसं तेव्हा गिरण्यांत, गोदीत, माथाडी कामात होती. लालबाग-परळला एकेका गावाचा एकेक गाळा असायचा. एका खोलीत वीस-पंचवीस गाववाले, पाळीपाळीनं झोपायचे. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. गाळ्यात गावाच्या नावाची एक पेटी असे. जत्रेसाठी, देवळाच्या कळसासाठी महिन्याला काही पैसे तिच्यात पडायचे. त्या वर्षी जत्रेचा तमाशा रद्द झाला आणि पेटीतले पैसे मनीऑर्डरीनं गावाकडं गेले. ज्या घरातलं कुणीच मुंबईत नव्हतं, त्या घरांनाही गेले. तात्या ही गोष्ट सांगताना एक तक्रार मात्र करायचे: "तमाशा रद्द केला त्यो केलाच. पुढच्या वर्सी बी न्हाई आणला." हे बोलताना त्यांचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा व्हायचा.

आत्याची गोष्ट खडीची. दुष्काळी काम निघालं तेव्हा ती आजीबरोबर जायला लागली. रस्त्यासाठी खडी फोडायची, नालाबांध घालायचे, पाझर तलावाची माती वाहायची. बायका निम्म्याहून कमी नव्हत्या. आमच्याकडं तर पुरुषांपेक्षा जास्तच, कारण बरेच गडी मुंबईला नाही तर साखर कारखान्यांच्या पट्ट्यात गेलेले. दिवसाची मजुरी दोन-तीन रुपयांच्या आसपास, आणि तीही मोजमापावर. ती वेळेवर मिळेल असं नाही. हजेरीपटावर नसलेल्या माणसांची नावं लागायची आणि असलेल्यांची गळायची. गिट्टीच्या कपऱ्या डोळ्यांत जायच्या, हातांना घट्टे पडायचे. ज्या पाटलीणबाईनं लग्नानंतर उंबरा ओलांडला नव्हता ती डोक्यावरचा पदर दातात धरून आत्याच्या शेजारी हातोडा मारत होती. पहिल्या दिवशी ती कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आत्यानं तिला हाताला फडकं कसं गुंडाळायचं ते दाखवलं.

त्या टोळीत एक पोटुशी बाई होती. तिच्यानं ढीग पुरा होत नसे. संध्याकाळी कारकून लाकडी चौकट लावून ढीग मोजायला यायच्या आत प्रत्येक बाई आपल्या ढिगातली एकेक पाटी तिच्या ढिगावर टाकायची. मजुरी मोजमापावर असल्यानं ही पाटी म्हणजे ज्याच्या-त्याच्या भाकरीतला तुकडा होता. मुकादमाला सगळं दिसत होतं. तो त्या वेळी नेमका विडी ओढायला पलीकडं जायचा. हे कुणी ठरवलं, असं मी आत्याला विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. "ठरवायचं काय त्यात? सावडीला काय करतो आपण?" शेतात भांगलणीला आज हिच्या रानात, उद्या तिच्या रानात, अशी सावड बायका पिढ्यानपिढ्या करत आल्या होत्या. एकीच्या अडचणीत तिच्या वाट्याचा खाडा बाकीच्यांनी भरून काढायचा, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. खडीच्या कामावर त्यांनी नवीन काही केलं नाही. शेतातली रीत दगडांवर आणली.

कामावर पोरांना सुकडी मिळायची, तपकिरी, गोडसर, कोरडीच खायची. आत्या मोठी असल्यानं तिच्या वाट्याला ती यायची नाही, पण लहान भावाच्या मुठीतली ती हक्कानं खायची. आजही कुठल्याशा पौष्टिक पिठाचा वास आला की ती म्हणते, "सुकडी."

हे काम कुठून आलं, हे आत्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. सरकारनं काढलं, एवढंच. पण त्यामागं एका शेजारच्या माणसाची चिकाटी होती. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, राज्याच्या विधान परिषदेचे सभापती. काम मागणाऱ्याला सरकारनं काम द्यायलाच हवं, ही कल्पना त्यांनी १९६५ मध्ये आपल्याच भागात लहान प्रमाणावर लावून पाहिली होती. तेव्हा ती एका सभापतींची हौस वाटली असेल. १९७२ मध्ये, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, तीच रोजगार हमी योजना म्हणून राज्यभर जाहीर झाली. दुष्काळी कामांवर मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या घरात. म्हणजे दर दहांतला एक जण त्या महिन्यात पाटी, कुदळ नाही तर हातोडा घेऊन उभा होता. पुढं १९७५ मध्ये या योजनेसाठी व्यवसाय कर बसला. शहरातल्या पगारदारानं द्यायचा आणि सरकारनं त्यात तेवढीच भर घालायची. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि २००५ मध्ये देशाला रोजगार हमीचा कायदा करताना महाराष्ट्राचा हा अनुभव हाताशी होता.

याचं मोल कळायला एक शतक मागं जावं लागतं. १८७६-७८ च्या दुष्काळातही सरकारी कामं निघाली होती. पण तेव्हा इंग्रज सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराचा रोजचा शिधा एक पौंड धान्याच्या मापावर आणला. दिवसभर माती वाहणाऱ्याला तेवढ्यावर जगणं शक्य नव्हतं. लोक कामं सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढं मांडली. त्याच काळात सत्यशोधक मंडळी गावोगाव अन्नछत्रं आणि मुलांचे आश्रम चालवत होती. ओतूरहून २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्या दुष्काळाची हकीगत आहे. तरी दख्खनमध्ये माणसं लाखांनी मेली. १९७२ मध्ये पीक तसंच बुडालं होतं, विहिरी तशाच आटल्या होत्या, हाल कमी झाले नाहीत, पण तशी मरणं झाली नाहीत. ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी पुढं या दुष्काळाचा अभ्यास केला तो म्हणूनच. मोजूनमापून उपाशी ठेवणारं एक सरकारी माप होतं, आणि पागे यांचं दुसरं. त्या दुसऱ्यात माणूस हात पसरून येत नव्हता. काम मागायला येत होता. आजीच्या उसन्याची आणि रोजगार हमीची जात मला एकच वाटते.

इथवर लिहून हा लेख संपवता आला असता तर बरं वाटलं असतं. पण आमच्या गावाच्या दलित वस्तीतले एक निवृत्त गुरुजी आहेत, वडिलांच्या बरोबरीचे. मी त्यांना आजीच्या मापाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाले, "खरं आहे. आमच्या आईला तुझ्या आजीनं शीग लावूनच ज्वारी दिली. पण वरनं ओतली."

मला लगेच उमगलं नाही. मग त्यांनी हातानं करून दाखवलं. आईनं खाली बसून पदर धरायचा, आजीनं उभ्यानं, पदराला माप लागणार नाही इतक्या उंचीवरून ओतायचं. दाणे इकडं-तिकडं उडायचे. ते गुरुजी, तेव्हाचं पोर, मातीतून वेचायचे.

आणि पाण्याचं तर विचारूच नये. गावातल्या शेवटच्या ओल्या विहिरीवर दलित बायकांनी लांब बसून राहायचं. कुणाला सवड झाली की ती त्यांच्या घागरीत पाणी ओतणार. दुष्काळात सवड कुणालाच नव्हती. खडीच्या कामावर पाटलीणबाई आणि त्यांची आई एकाच रांगेत दगड फोडत होत्या, तरी पाण्याचे रांजण तिथंही दोन होते. आत्याला मी रांजणांचं विचारलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "हुतं की दोन." मला इतक्या वर्षांत तिनं हे सांगितलं नव्हतं, कारण तिच्या लेखी ते सांगण्यासारखं काही नव्हतं.

हे आमच्याच गावात होतं असं नाही. १९७२ च्याच उन्हाळ्यात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीवर पाणी प्यायल्याच्या कारणावरून दलित स्त्रियांची विटंबना झाली, आणि अशा घटनांच्या संतापातून त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ सुरू केली तीही याच काळात. दुष्काळी गावांत जायचं आणि सार्वजनिक विहिरीवर दलितांना पाणी भरू देता का, असा प्रश्न समोरासमोर विचारायचा. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये आरोग्याचं काम सुरू केलं होतं. दुष्काळात गावोगाव कूपनलिका घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी भाषण केलं नाही. पाण्याची जागा दलित वस्तीतच निघेल अशी तजवीज केली. तहान लागली की गाव आपसूक तिकडं येणार होतं, आणि आलं. माणसांच्या मनात जे बसवायला वेळ नव्हता ते त्यांनी जमिनीत बसवलं.

गुरुजींच्या त्या एका वाक्यानं आजी माझ्या नजरेतून उतरली का? नाही. पण ती देव्हाऱ्यातून खाली आली, आणि मला एक गोष्ट दिसायला लागली जी तोवर दिसली नव्हती. बहात्तरमध्ये जिथं-जिथं माणसं माणसांसारखी वागली, तिथं-तिथं त्या वागण्याची तयारी आधीपासून झालेली होती. पेव बऱ्या वर्षी भरलं गेलं होतं, नवऱ्याशी अबोला धरून. सावड पिढ्यानपिढ्या चालत आली होती. गाळ्यातली पेटी जत्रेसाठी का होईना, पण होती. पागे यांचा प्रयोग सात वर्षांपूर्वी झाला होता. आभाळ फाटल्यावर कुणी तो कागदावर आखायला बसलं असतं तर अर्धं राज्य तोवर उठून गेलं असतं. आणि जिथं तयारी नव्हती, म्हणजे पाणवठ्यावर, तिथं दुष्काळानंही माणसं जवळ आणली नाहीत. संकटात सगळे एक होतात असं आपण म्हणतो, पण विहिरीवर ते झालं नाही. बऱ्या दिवसांत जे अंतर होतं, तेवढंच अंतर आजीच्या हातातल्या मापापासून खालच्या पदरापर्यंत होतं.

पुरंदर तालुक्यात दुष्काळ पाहून हललेले एक अभियंते होते, विलासराव साळुंखे. पुण्यात त्यांचा कारखाना होता. खडी फोडणारी माणसं त्यांनी पाहिली आणि त्यांना प्रश्न पडला: इतके हात रस्त्यावर दगड फोडतात, तेच हात पाणी का अडवत नाहीत? त्यांनी नायगावला देवस्थानची चाळीस एकर माळजमीन कसायला घेतली, उतारावर बांध घातले, पाणी मुरवलं. १९७४ पासून पाणी पंचायत उभी राहिली. तिची रीत अशी: पाणी जमिनीच्या मालकीवर वाटायचं नाही, माणशी वाटायचं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं, कुटुंबातली डोकी मोजून, पण ठरलेल्या मर्यादेपर्यंत. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. यात कुणाच्या दयाळूपणावर काही सोडलेलं नाही. भला माणूस असो की कंजूष, वाटा सारखाच. गुरुजींना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे वरनं ओतायचा प्रश्नच नाही."

माणदेशात दुष्काळ नंतरही आले. २०१२-१३ ला म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं जनावरांची छावणी उभारली, तेव्हा आत्या तिथं तिच्या दोन म्हशी घेऊन राहिली. छावणीत सगळ्या गावांची, सगळ्या जातींची माणसं जनावरांशेजारी झोपायची. पाण्याचा टँकर एकच आणि नळाची रांगही एकच. "रांजण?" मी विचारलं. ती हसली. "आता कसलं रांजण!" २०१८ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीनं पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला. भर उन्हाळ्यात गाव डोंगरावर चढून चर खणत होतं, जो पाऊस अजून पडायचा होता त्याच्यासाठी.

मध्यंतरी नातवंडांपैकी एकानं आत्याला विचारलं की तेव्हाची माणसं जास्त चांगली होती का. ती म्हणाली, "कुठली चांगली? भांडायची, चोरायची, जळायची बी. पर नड सगळ्यास्नी ठावं हुती." तिचं उत्तर मला निम्मं पटतं. नड माहीत असणं पुरत नाही. १८७७ मध्येही ती सगळ्यांना माहीत होती. नड येण्याआधी कुणी तरी पेव भरलेलं लागतं, प्रयोग करून ठेवलेला लागतो, आणि पाणवठा आधीच एक केलेला लागतो. वाईट काळात आशा कुठं शोधायची, असं आपण विचारतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. हा प्रश्न सुगीत विचारायचा असतो, कोठी भरलेली असताना आणि शेजारी अजून उसनं मागायला आलेला नसताना. यंदाचा पाऊस आमच्याकडं बरा झाला, तर हीच वेळ आहे.